‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’

आमच्या एका जुन्या ग्राहक-कंपनीच्या लेखाविभागातून फोन आला, तेव्हा पलीकडच्या बाईंचा प्रश्न अगदी साधा होता. “तुमचे बँक खाते बदलल्याचे तुम्ही कळवलेत, पण नव्या खात्यावरचे नाव तुमच्या कंपनीचे नाही. ते असे कसे?” आम्ही खाते बदललेले नव्हते आणि तसे कोणाला कळवलेलेही नव्हते. त्यांनी आलेली ईमेल जशीच्या तशी मला पाठवली. बिलाचा नमुना आमचा होता, बोधचिन्ह आमचे होते, खाली माझ्या सहकाऱ्याचे नाव आणि हुद्दा होता, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता मी तीनदा वाचला तरी आमचाच वाटत होता. शेवटी तो पत्ता उचलून मी दुसऱ्या पानावर चिकटवला आणि अक्षरे चांगली मोठी केली. आमच्या नावाच्या मध्यभागी रोमन लिपीतला ‘एम’ आहे. त्या ‘एम’ची पहिली कमान मधल्या पायाला टेकलेली नव्हती, तिथे केसाएवढी फट होती. तो ‘एम’ नव्हताच. ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन लहान अक्षरे शेजारी शेजारी बसवून कोणीतरी आमचे नाव उभे केले होते आणि तेवढ्या भांडवलावर आमच्या ग्राहकांकडून पैसे मागायला सुरुवात केली होती.

आमची कंपनी प्रयोगशाळांना लागणारी मोजमापाची उपकरणे आणि त्यांचे सुटे भाग बनवते. कंपनीत कायद्याचा वेगळा विभाग नाही, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले आणि त्या नकली डोमेनबद्दलची, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात ‘@’ नंतर येणाऱ्या नावाबद्दलची तक्रार सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी स्वतः हाताळली. वेळ आली तेव्हा असा अनुभव कोणाकडून तरी ऐकायला मिळावा असे मला फार वाटले होते, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही ग्राहकांना सावध करणारी पत्रे पाठवली, ज्या बँकेतले खाते वापरले गेले तिला कळवले आणि पोलिसांत तक्रार नोंदवली. त्याच घाईत मी त्या डोमेनच्या रजिस्ट्रारकडेही, म्हणजे ज्या कंपनीकडे ते नोंदवलेले होते तिच्याकडेही, तक्रार करणार होते, पण एका सहकाऱ्याने मला थांबवले आणि आधी पुरावा जमा करायला लावला, ज्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. आम्ही ग्राहकाकडून फसवी ईमेल मूळ स्वरूपात, तिच्या संपूर्ण हेडरसह, म्हणजे ती कुठून कशी आली याच्या तांत्रिक नोंदीसह मागवून घेतली. डोमेनच्या नोंदणीची सार्वजनिक माहिती तारखेसह जतन केली आणि त्यावर ईमेल पाठवण्या-घेण्याची व्यवस्था चालू असल्याचे दाखवणाऱ्या नोंदी छापून ठेवल्या. त्या पत्त्यावर संकेतस्थळ नव्हते, नुसते कोरे पान उघडत होते. त्याचेही चित्र घेतले. रजिस्ट्रारने कारवाई केल्यावर यातले बरेचसे दिसेनासे होते, आणि नंतर निवाडा देणाऱ्यासमोर ठेवायला फक्त आपली तोंडी हकिगत उरते.

रजिस्ट्रारचे पहिले उत्तर ठरीव साच्याचे होते: नावांवरून होणारे वाद आम्ही सोडवत नाही, न्यायालयात जा. ते वाचून संताप झाला, पण त्यात एक धागा सापडला. आमच्या तक्रारीत ‘आमच्या नावाची नक्कल’ हे शब्द ठळक होते आणि ‘फसवणुकीच्या ईमेल’ हा भाग खाली दडला होता. एप्रिल २०२४ पासून डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेबरोबरच्या रजिस्ट्रारांच्या करारात असे कलम आहे, की डोमेनचा वापर फिशिंगसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने ईमेल पाठवून फसवण्यासाठी होत असल्याचा कारवाई करण्याजोगा पुरावा मिळाला, तर त्यांना तो थांबवण्यासाठी पावले उचलावी लागतात. त्या कलमाचा उल्लेख करून, हेडरसह आणि फक्त फिशिंगबद्दल मी दुसरी तक्रार पाठवली. नवव्या दिवशी ते डोमेन निलंबित झाले.

इथेच विषय संपला असे काही जणांना वाटले. मला तसे वाटत नव्हते. निलंबित डोमेन बंद असते, पण त्याची मालकी बदलत नाही. नोंदणी करणाऱ्याच्याच नावावर ते राहते, निलंबन उठू शकते, आणि मुदत संपून नाव मोकळे झाले की कोणीही ते पुन्हा घेऊ शकतो. आम्हाला ते नाव आमच्या ताब्यात हवे होते.

डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग आणि त्यानंतर आलेल्या शेकडो सामान्य डोमेनांसाठी ही सोय एका धोरणाने केलेली आहे. समान डोमेन नाव विवाद निवारण धोरण असे त्याचे नाव आहे, सगळे जण त्याला यूडीआरपी म्हणतात. आयकॅनने ते १९९९ मध्ये स्वीकारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, म्हणजे वायपोच्या केंद्राकडे पहिली तक्रार दाखल झाली आणि जानेवारी २००० मध्ये तिचा निकालही लागला. डोमेन घेणारा प्रत्येक जण नोंदणीच्या करारातच या धोरणाला संमती देत असतो, त्यामुळे प्रतिवादी जगात कुठेही असला तरी त्याला ते लागू होते. देशनिहाय डोमेनांपैकी अनेकांचे नियम मात्र वेगळे आहेत. आमचा वाद डॉट कॉमचा होता, म्हणून यूडीआरपीखाली आम्ही वायपोकडे गेलो.

धोरणानुसार तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि तिन्ही लागतात. डोमेन आपल्या ट्रेडमार्कशी तंतोतंत जुळणारे किंवा गोंधळ होईल इतके त्याच्यासारखे आहे. ते घेणाऱ्याचा त्या नावावर काही हक्क किंवा रास्त हितसंबंध नाही. आणि ते अप्रामाणिक हेतूने नोंदवले गेले आहे व तसेच वापरलेही जात आहे. माझ्या पहिल्या मसुद्यातली जवळजवळ सगळी पाने पहिल्या मुद्द्यावर होती. अक्षरांचे आकार, वाचणाऱ्याच्या डोळ्यांची सवय, वेगवेगळ्या टंकांतले नमुने असे सगळे मी त्यात भरले होते. पूर्वीचे निवाडे वाचायला लागले तेव्हा लक्षात आले, की पहिली अट ही केवळ दाराची चौकट आहे. ट्रेडमार्क आणि डोमेन शेजारी ठेवून पाहतात, डॉट कॉम हा शेवट बहुतेक वेळा सोडून देतात, आणि हेतुपुरस्सर केलेली स्पेलिंगची चूक असेल तर दोन-चार वाक्यांत हा मुद्दा निकाली निघतो. वायपोकडे तक्रारीच्या मुख्य युक्तिवादाला ५,००० शब्दांची मर्यादा आहे. त्यातले निम्मे शब्द मी जो वाद कोणी घालणारच नव्हते त्यावर खर्च करत होते.

खरे काम तिसऱ्या अटीत होते. तिथे ‘नोंदवले’ आणि ‘वापरले’ यांच्यामध्ये ‘आणि’ आहे, आणि तो ‘आणि’ मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा शब्द वाटतो. घेताना हेतू कसा होता आणि नंतर वापर कसा झाला, दोन्ही दाखवावे लागते. घेणाऱ्याच्या मनात काय होते हे कोण सांगणार? म्हणून सगळी भिस्त तारखांवर येते. आमचा ट्रेडमार्क केव्हा नोंदला गेला, ते डोमेन केव्हा घेतले गेले आणि पहिली फसवी ईमेल केव्हा गेली, या तीन तारखा मी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. आमच्या नोंदणीनंतर अनेक वर्षांनी डोमेन घेतले गेले होते आणि त्यानंतर सहाव्या दिवशी आमच्या बोधचिन्हासह पहिले बिल निघाले होते. आम्हाला न ओळखता कोणी हे नाव घेतले असेल, ही शक्यता त्या सहा दिवसांनी संपवली. माझ्या पानभर विशेषणांना ते जमले नव्हते. मी ती सगळी काढून टाकली.

संकेतस्थळ कोरे असताना ‘वापर’ कसा दाखवायचा, ही एका सहकाऱ्याची शंका रास्त होती. ईमेल पाठवणे हाही डोमेनचा वापरच आहे, हे त्याचे सरळ उत्तर होते. शिवाय डोमेन नुसते धरून ठेवणे हेही विशिष्ट परिस्थितीत अप्रामाणिक वापरात मोडू शकते, असे टेल्स्ट्रा या कंपनीच्या तक्रारीवरील निवाड्यात २००० मध्येच म्हटले गेले होते आणि त्याचा आधार आजही घेतला जातो.

याच सुमारास आमच्यात मतभेद झाला आणि तो सांगितल्याशिवाय हे कथन प्रामाणिक राहणार नाही. आमच्या नावाचेच, एका अक्षराचाही फरक नसलेले डॉट नेट डोमेन दुसऱ्या कोणाकडे तरी होते. त्यावर जाहिरातींचे दुवे असलेले एक पान होते, बाकी काही नाही. संचालकांचे म्हणणे असे, की एवीतेवी तक्रार करतोच आहोत, तर त्याच झपाट्यात तेही घेऊन टाकू, एका शुल्कात पाच डोमेनांपर्यंत चालतातच. नियम पाहिला तर एका तक्रारीत अनेक डोमेन तेव्हाच घालता येतात, जेव्हा ती सगळी एकाच धारकाकडे असतात. हा धारक निराळा होता, म्हणजे वेगळी तक्रार करावी लागली असती. मी तीही करू नये म्हणून हटून बसले, त्याचे कारण पुन्हा तारीख हेच होते. ते डोमेन आमची कंपनी स्थापन होण्याच्या अकरा वर्षे आधी घेतलेले होते. आमचे नाव दोन साध्या शब्दांचे बनलेले आहे आणि ते शब्द आधीपासून भाषेत आहेत. जी कंपनी अस्तित्वातच नव्हती, तिच्या नावावर डोळा ठेवून कोणी डोमेन कसे घेईल?

संचालक म्हणाले, “फार तर हरू, शुल्क जाईल.” शुल्काइतक्यावर ते भागले नसते. तक्रार वाईट हेतूने, म्हणजे धारकाकडून त्याचे डोमेन हिसकावून घेण्यासाठी केली आहे असे निवाडा देणाऱ्या पॅनेलला आढळले, तर निवाड्यात तसे स्पष्ट नोंदवण्याची तरतूद नियमांत आहे आणि निवाडे सगळ्यांना वाचायला खुले असतात. दंड होत नाही, पण नाव लागते. त्याहूनही मला खटकत होते ते हे, की ज्या गोष्टीचा आम्हाला त्रास झाला होता तीच गोष्ट, कायद्याचा अंगरखा घालून, आम्ही एका निरुपद्रवी माणसाला करणार होतो. बैठकीत दीड तास यावर बोलणे झाले. शेवटी तारखांचा तो कागद मी टेबलावर ठेवला आणि डॉट नेटची तारीख त्यात सर्वांत वर लिहिली. तो विषय तिथे थांबला. ते डोमेन आजही त्याच माणसाकडे आहे.

तक्रार ऑनलाइन दाखल होते. एकाच सदस्याच्या पॅनेलसाठी आणि पाच डोमेनांपर्यंत वायपोचे शुल्क १,५०० अमेरिकी डॉलर आहे, तीन सदस्यांचे पॅनेल मागितले तर ४,०००. जिंकलो तरी हे पैसे प्रतिवादीकडून मिळत नाहीत, नुकसानभरपाईही मिळत नाही. डोमेन आपल्याकडे हस्तांतरित करणे किंवा रद्द करणे, एवढेच दोन उपाय या प्रक्रियेत आहेत. निवाड्याला कोणाला न्यायालयात आव्हान द्यायचे झाले तर ते कुठल्या न्यायालयात, हेही तक्रारदाराला आधीच मान्य करून ठेवावे लागते. आम्ही रजिस्ट्रारच्या मुख्य कार्यालयाच्या ठिकाणचे न्यायालय निवडले.

दाखल केल्यावर वायपोच्या केंद्राने रजिस्ट्रारकडून धारकाची खरी नोंद मागवली. हा टप्पा आता फार महत्त्वाचा झाला आहे, कारण २०१८ पासून सार्वजनिक नोंदीत धारकाचे नाव सहसा झाकलेले असते आणि तक्रार प्रत्यक्षात एका पडद्याविरुद्धच लिहावी लागते. रजिस्ट्रारला दोन कामकाजाच्या दिवसांत माहिती द्यावी लागते आणि डोमेनला कुलूप लावावे लागते. हे कुलूप फक्त मालकी किंवा रजिस्ट्रार बदलण्याला असते, डोमेनचा वापर त्याने थांबत नाही. फसवणूक चालू असेल तर कुलपावर विसंबून राहू नये, रजिस्ट्रारकडची वेगळी तक्रार जिवंत ठेवावी.

रजिस्ट्रारच्या उत्तरातून दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली भाषेची. कार्यवाही नोंदणी कराराच्या भाषेत चालते आणि तो करार इंग्रजीत नव्हता. पॅनेलला परिस्थिती पाहून वेगळी भाषा ठरवता येते, म्हणून ग्राहकांना गेलेल्या फसव्या ईमेल सफाईदार इंग्रजीत असल्याचे दाखवून आम्ही इंग्रजीची विनंती केली आणि ती मान्य झाली. दुसरी गोष्ट मला अजून सलते. धारक म्हणून एका माणसाचे पूर्ण नाव आणि एका शाळेचा पत्ता आला होता. त्या शाळेच्या संकेतस्थळावर त्या नावाचे शिक्षक होते. तक्रार दुरुस्त करायला आमच्याकडे पाच दिवस होते. आमच्या मसुद्यात ‘प्रतिवादीने कट रचला’ असे वाक्य होते आणि त्या वाक्यात आता एका शिक्षकाचे नाव बसत होते. मला ते लिहवेना. आम्ही दुरुस्तीत एवढेच लिहिले, की ही ओळख चोरलेली असण्याची शक्यता दिसते, आणि तसे असल्यास प्रकाशित होणाऱ्या निवाड्यातून हे नाव वगळावे.

कार्यवाही सुरू झाल्याची सूचना केंद्राने ईमेलने आणि कुरिअरने पाठवली. तेव्हापासून उत्तरासाठी २० दिवस असतात, मागितल्यास आणखी चार मिळतात. बाराव्या दिवशी उत्तर आले, पण ते त्या शिक्षकाचे होते. कुरिअरने आलेला लिफाफा हातात धरून हादरलेल्या माणसाने लिहिलेल्या चार ओळी होत्या. आपण आयुष्यात कधी डोमेन विकत घेतलेले नाही, आमच्या कंपनीचे नाव कधी ऐकलेले नाही, आणि यामुळे आपल्या नोकरीवर काही बालंट येईल का, एवढेच त्यांनी विचारले होते. केंद्रातर्फे आम्ही लगेच कळवले, की त्यांच्याविरुद्ध आमची कसलीही तक्रार नाही आणि नाव वगळण्याची विनंती आम्ही आधीच केलेली आहे. दुसऱ्या कोणाकडूनही उत्तर आले नाही.

प्रतिवादी गप्प राहिला म्हणजे तक्रारदार आपोआप जिंकला, असे इथे होत नाही. पॅनेलला कागद पाहूनच, कोणती बाजू अधिक संभवनीय आहे हे ठरवावे लागते. सुनावणी नाही, साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही. नियुक्तीनंतर साधारण १४ दिवसांत निवाडा द्यायचा असतो आणि आमचा निवाडा तेराव्या दिवशी आला. साधर्म्यावर त्यात एक परिच्छेद होता. दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक करण्यातून कोणाचाही रास्त हितसंबंध कधी उभा राहू शकत नाही, असे दुसऱ्या मुद्द्यावर म्हटले होते. तिसऱ्या मुद्द्यावर आमच्या त्या तीन तारखा होत्या, जवळपास आम्ही मांडल्या त्याच क्रमाने. शिक्षकाचे नाव निवाड्यात कुठेही नव्हते. ते फक्त रजिस्ट्रारला पाठवायच्या, प्रकाशित न होणाऱ्या परिशिष्टात ठेवले होते. मी सगळ्यात आधी तेच शोधले.

निवाड्यानंतर रजिस्ट्रार दहा कामकाजाचे दिवस थांबतो, कारण तेवढ्यात प्रतिवादीने न्यायालयात दावा लावला तर अंमलबजावणी रोखावी लागते. दावा आला नाही. त्यापुढेही त्या रजिस्ट्रारकडे आमचे खाते उघडणे, ओळखीची कागदपत्रे देणे, हस्तांतरणाचे संकेतांक मागवणे यात दीड आठवडा गेला आणि त्यासाठी चारदा आठवण करावी लागली. पहिल्या फोनपासून मोजले तर डोमेन हातात येईपर्यंत तीन महिने आणि काही दिवस लागले.

त्या डोमेनवर संकेतस्थळ काढण्यात अर्थ नव्हता. त्यावर येणारी ईमेल स्वीकारून आमच्या एका पेटीत जमा होईल, एवढी व्यवस्था केली आणि पेटी रिकामीच राहील असे मी धरून चालले. पहिल्याच आठवड्यात सहा ईमेल आल्या. आम्ही सावध करणारी पत्रे खरेदी विभागांना पाठवली होती, कारण आमच्या यादीत तेच पत्ते होते. फसवणाऱ्याने मात्र लेखाविभागांना लिहिले होते, आणि त्यांच्या संगणकांनी ‘आर’ आणि ‘एन’वाला पत्ता आमचा म्हणून साठवून ठेवला होता. चार ईमेलमध्ये किरकोळ चौकशा होत्या. एकात, आधी पाठवलेले पत्र परत आले म्हणून पुन्हा पाठवत आहोत, असे म्हणून नव्या खात्याचा क्रमांक तपासून मागितला होता. सहावीत, ठरल्याप्रमाणे नव्या खात्यावर रक्कम भरली असून पावती पाठवावी, असे लिहिले होते.

त्या दिवशी दुपारी मी सहाही ठिकाणी ईमेल न करता फोन केला. शेवटच्या फोनवर बराच वेळ पलीकडून कोणी बोलले नाही. मग त्या गृहस्थांनी मला नाव अक्षर-अक्षर सांगायला लावले, आणि ‘एम’ आला तेव्हा, “एकच अक्षर ना?” असे दोनदा विचारून घेतले.